शेजारची वृद्धा आणि कमळतळ्याचे आचार्य : भिक्खू झूहोंग यांचे जीवन

चिनी बौद्ध परंपरेत ज्यांचा उल्लेख आजही कमळतळ्याचे आचार्य या आदरवाचक उपाधीने केला जातो, ते भिक्खू झूहोंग पूर्व चीनमधील हांगझोऊ या नगरात १५३५ साली जन्मले. मिंग राजवटीचा तो उत्तरकाळ होता. शेन हे त्यांचे कुलनाम. घर खाऊनपिऊन सुखी होते आणि विद्येचा वारसा असलेले होते. मुलाने कन्फ्यूशियसचे ग्रंथ मुखोद्गत करावेत, राजकीय परीक्षा द्याव्यात आणि अधिकारपद मिळवावे, अशी त्या काळच्या सुशिक्षित घराण्यांची रीतच होती. झूहोंग हे नाव त्यांना पुढे प्रव्रज्येच्या वेळी मिळाले, तरी सोयीसाठी आपण आरंभापासून तेच वापरू. सतराव्या वर्षी त्यांनी पहिली परीक्षा उत्तीर्ण केली आणि जिल्ह्याच्या विद्यालयात प्रवेश मिळवला. एवढ्या लहान वयात हा मान मिळणे ही घराण्याच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती.

त्यांच्या शेजारी एक वृद्ध स्त्री राहत असे. ती दररोज काही सहस्र वेळा अमिताभ बुद्धाचे नाव घेई. या तरुण विद्यार्थ्याने एके दिवशी तिला याचे कारण विचारले. तिने सांगितले की तिचे दिवंगत पती हाच जप करीत आले होते, आणि अखेरच्या दिवशी कोणत्याही आजाराविना, सर्वांना हात जोडून निरोप घेऊन ते शांतपणे गेले; म्हणून या नामाचे मोल तिला ठाऊक आहे. उत्तर एवढेच होते. त्यात ना ग्रंथाचा आधार होता, ना तत्त्वज्ञानाचा आव. पण ज्याला पुढे सारे आयुष्य ग्रंथांत घालवायचे होते, त्या तरुणाच्या मनात ते रुतून बसले. जन्म आणि मरण हाच माणसापुढचा सर्वांत मोठा प्रश्न आहे, अशा आशयाची अक्षरे त्याने आपल्या लिहिण्याच्या मेजावर लिहून ठेवली, ती रोज डोळ्यांसमोर राहावीत म्हणून.

त्या वृद्धेचे नाव इतिहासाने नोंदवलेले नाही. झूहोंग यांच्या समाधिस्तूपावरील चरित्रलेख त्यांचे समकालीन थोर भिक्खू हानशान देछिंग यांनी लिहिला. त्यात सम्राटाच्या आईचा उल्लेख आहे, अधिकाऱ्यांची नावे आहेत. ही बाई मात्र केवळ शेजारची म्हातारी म्हणून येते आणि लगेच नाहीशी होते. इतिहासाच्या अभ्यासकाला असल्या ठिकाणी थांबावेसे वाटते.

ती बाई नेमके काय करीत होती, हे आपल्या वाचकांना थोडे समजावून सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या विहारांत अमिताभाची उपासना नाही. महायान परंपरेनुसार पश्चिमेकडे सुखावती नावाचे बुद्धक्षेत्र असून तेथे अमिताभ बुद्ध उपदेश करतात. जो एकाग्र चित्ताने त्यांचे नाम धारण करील, तो मरणोत्तर तेथे जन्मून धम्मसाधना पूर्ण करील, अशी त्यामागची श्रद्धा आहे. हा विचार सांगणाऱ्या छोट्या सुखावती सूत्राचे सर्वमान्य चिनी भाषांतर कुमारजीव यांनी ४०२ साली चांगआन येथे केले. त्यांचे वडील भारतीय होते. अमिताभ हा शब्दही भारतातून गेलेला. उच्चार बदलत बदलत तो चिनी जिभेवर अमितुओफो असा झाला. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही एवढे चार ध्वनी पेलता येतात. शेतात, चुलीपुढे, रेशमाच्या किड्यांना पाने घालताना, आजारपणात अंथरुणावर, कुठेही ते म्हणता येतात. हातात माळ असली तर उत्तम, नसली तरी चालते.

आणि हे साधन म्हाताऱ्या बायकांच्याच हाती अधिक का दिसते, यालाही कारण होते. चिनी घरात सून म्हणून आलेल्या स्त्रीची पहिली तीस वर्षे सासूच्या आज्ञेत, बाळंतपणांत आणि स्वयंपाकघरात जात. त्यातच विटाळाची कल्पना. मासिक पाळीतल्या स्त्रीने देवापुढे जायचे नाही, हा निर्बंध चिनी लोकधर्मातही होताच. त्याहून क्रूर अशी एक लोकसमजूत होती : प्रसूतीच्या रक्ताने स्त्री जल-भूमी अपवित्र करते, म्हणून मरणानंतर तिला रक्ताच्या कुंडात शिक्षा भोगावी लागते. या समजुतीला आधार देणारे एक सूत्रही रचले गेले आणि ते बुद्धवचन म्हणून खपवले गेले. त्याचा उगम चीनमधलाच आहे, तथागतांशी त्याचा काडीचाही संबंध नाही, हे आज अभ्यासकांत मान्य आहे. पण गावोगावच्या बायकांनी ते खरे मानले आणि आपल्या आईच्या सुटकेसाठी जप केला. जन्म देण्याच्या कर्मालाच पाप ठरवून मग त्या पापातून सोडवण्याचे विधी सांगायचे, ही युक्ती आपल्याकडच्या वाचकांना अनोळखी वाटू नये. पाळी थांबली, सून घरात आली, चुलीचा ताबा दुसरीकडे गेला, की त्या बाईच्या आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा असा वेळ येई. त्या वेळाचे तिने काय केले? तिने माळ हाती घेतली. शेजारणी जमवल्या. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार सोडला.

राज्यसत्तेला तेही रुचत नव्हते. मिंग राजवटीच्या विधिसंहितेत असे कलम होते की कोणत्याही अधिकाऱ्याच्या, सैनिकाच्या वा सामान्य माणसाच्या घरातील पत्नी-मुली मंदिरात वा मठात जाऊन धूप जाळतील, तर चाळीस छड्यांची शिक्षा आणि ती घरातील पुरुषाला. सभ्य घरांनी कोणत्या प्रकारच्या बायकांना उंबरठ्याच्या आत घेऊ नये, याची एक यादीच शिष्टजनांत प्रचलित होती. सुईणी, दलाल बायका यांच्याबरोबर त्या यादीत भिक्खुणीही होत्या. कायदा एक आणि व्यवहार दुसरा, हे मात्र चीनमध्येही खरे ठरले. दर वसंतात, रेशमाच्या किड्यांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, आसपासच्या जिल्ह्यांतून नावा भरभरून स्त्रिया हांगझोऊच्या पश्चिम सरोवराकाठी येत. डोंगरातल्या तियानझू विहारात ग्वानयिनपुढे धूप लावून, यंदाचे किडे जगोत, रेशीम चांगले उतरो, अशी प्रार्थना करून परतत. ग्वानयिन म्हणजे अवलोकितेश्वर बोधिसत्त्व, ज्यांना चीनमध्ये कालांतराने स्त्रीरूप प्राप्त झाले. ज्यांनी औरंगाबादच्या सातव्या लेण्यात किंवा कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात अष्टमहाभयांतून तारणाऱ्या अवलोकितेश्वराचे शिल्प पाहिले आहे, त्यांना हे दैवत परके वाटणार नाही. आग, बुडणारी नाव, चोर, हिंस्र पशू यांच्या तावडीतले माणूस हात जोडून नाव घेते आहे, हेच दृश्य आपल्या दगडात कोरलेले आहे.

झूहोंग अशा नगरात वाढले. त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र मृत्यूंची रांग लागली. लहानगा मुलगा गेला, पहिली पत्नी गेली. सत्ताविसाव्या वर्षी वडील आणि एकतिसाव्या वर्षी आई. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांना पुन्हा विवाह करायचा नव्हता, पण आईने आग्रह धरला. एक धनाढ्य घर त्यांना जावई करून घेण्यास उत्सुक होते. त्यांनी निवडली ती तांग घराण्यातील गरीब मुलगी, जी शाकाहार पाळत असे.

१५६५ च्या वर्षअखेरीच्या दिवशी तांगने चहा करून त्यांच्यापुढे आणला आणि मेजावर ठेवताच पेला तडकला. जे एकत्र आले ते विलग होणारच, असे काहीसे उद्गार झूहोंग यांनी हसून काढले. पुढल्या वर्षी त्यांनी पत्नीला गृहत्यागाचा निश्चय सांगितला. ती डगमगली नाही. आपण पुढे व्हावे, मी सावकाश मागून येते, अशा आशयाचे तिचे उत्तर होते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात यशोधरेला निद्रिस्त आणि अंधारात ठेवलेली पत्नी म्हणून नव्हे, तर सर्व जाणून संमती देणारी खंबीर स्त्री म्हणून उभे केले, हे आपण जाणतोच. तांगचे चरित्र वाचताना त्या प्रकरणाची आठवण होते. तरीही एवढे म्हटलेच पाहिजे की निर्णय त्यांनी घेतला होता आणि तिच्या वाट्याला संमती आली होती. नुकत्याच विवाह होऊन आलेल्या, माहेर गरीब असलेल्या त्या मुलीचे पुढचे दिवस कसे गेले असतील, याविषयी चरित्रलेख मौन पाळतो.

प्रव्रज्या घेतल्यावर झूहोंग सहा वर्षे हिंडले. आईच्या सुतकाचा विहित काळ पुरा व्हायचा होता, म्हणून तिच्या नावाची लाकडी पाटी ते कपड्यात बाळगीत. जेथे मुक्काम असेल तेथे ती मांडून जेवणापूर्वी तिला अन्न अर्पण करीत. भिक्खूने घराचा मोह सोडावा हे खरे, पण चिनी समाजाने बौद्ध धम्मावर सतत एकच आरोप ठेवला होता, की हा धम्म मुलाला आईबापांपासून तोडतो. झूहोंग यांनी त्या आरोपाला वादाने नव्हे तर या पाटीने उत्तर दिले. उत्तरेकडे वूताय पर्वत, तेथून राजधानी बीजिंग, मोठमोठ्या आचार्यांच्या भेटी. परतीच्या वाटेवर दूरच्या बुरुजावरचा नगारा ऐकून त्यांना अंतःप्रकाश झाला असे सांगतात. नानजिंगच्या एका विहारात ते इतके आजारी पडले की लोकांनी दहनाची तयारी चालवली. त्यांनी क्षीण आवाजात, अजून श्वास चालू आहे, असे कळवले म्हणून वाचले.

१५७१ साली ते हांगझोऊजवळच्या युनछी डोंगरात आले. तेथे सोंग काळातील एका विहाराचे केवळ अवशेष होते. झोपडी बांधून ते एकटे राहिले. कधी अन्न मिळाले, कधी सात सात दिवस मिळाले नाही. त्या परिसरात वाघांचा उपद्रव होता आणि दरवर्षी कित्येक माणसे बळी पडत. झूहोंग यांनी सूत्रपठण केले, भुकेल्या जीवांना अन्नदान केले आणि वाघ शांत झाले, अशी कथा आहे. दुसरी कथा दुष्काळाची. गावकरी पाऊस पाडण्याची विनंती करायला आले, तेव्हा आपल्याला बुद्धाचे नाव घेण्याखेरीज काही येत नाही, असे त्यांनी प्रांजळपणे सांगितले. लोकांनी हट्टच धरला. मग ते लाकडी मासा घेऊन शेतांच्या बांधावरून नामोच्चार करीत फिरले आणि त्यांच्या पावलामागोमाग सरी आल्या, असे म्हणतात. लाकडी मासा म्हणजे माशाच्या आकाराचे पोकळ लाकडी वाद्य, ज्यावर टोला देऊन चिनी विहारांत पठणाचा ताल धरतात.

चमत्काराने पाऊस पडत नाही, हे आपल्या शाळेतला पाचवीचा विद्यार्थीही सांगेल आणि त्याने तसे सांगावे यासाठीच आपण ही शाळा चालवतो. मात्र इतिहासाच्या दृष्टीने कथेचा दुसरा भाग मोलाचा आहे. बांधावरून चालत गेलेल्या त्या कृश भिक्खूसाठी शेतकऱ्यांनी स्वतः लाकूडफाटा वाहून आणला आणि विहार उभा केला. त्याला भव्य महाद्वार नव्हते, मोठे पूजादालनही नव्हते. भिक्खूंना राहण्या-ध्यानाला एक दालन आणि ग्रंथ व मूर्ती ठेवायला एक, एवढेच. राजाश्रयाने नव्हे तर गावाच्या श्रमाने उभे राहिलेले हे विहार पुढे शिस्तीसाठी सबंध चीनमध्ये नावाजले गेले.

यापेक्षाही मला महत्त्वाची वाटते ती पुलाची हकीगत. झूछ्याव नावाचा पूल भरतीच्या पाण्याने वारंवार कोसळत होता. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने तो बांधण्याचे काम झूहोंग यांच्यावर सोपवले. त्यांनी नियम केला की अधिकारी असो वा हमाल, प्रत्येकाने चांदीचे सारखेच आठ फन द्यायचे; फन म्हणजे चांदी तोलण्याचे अगदी लहान माप. श्रीमंताकडून जास्त घेऊन लवकर काम उरकावे, असे सुचवणारेही होतेच. त्यांनी मानले नाही. पुण्य मोठ्या देणगीदाराच्या नावावर जमा होऊ न देता पूल सर्वांचा करणे, हे त्या उच्चनीचतेने बांधलेल्या समाजात साधे काम नव्हते. पूल पुरा झाला. खांब रोवताना मंत्रपठण झाले आणि भरतीचे पाणी काही दिवस आले नाही, असेही परंपरा सांगते. आठ फनांचा हिशेब मला त्याहून पटतो.

झूहोंग यांचे खरे कार्य लेखणीचे. लहानमोठे तीसहून अधिक ग्रंथ त्यांनी लिहिले. छोट्या सुखावती सूत्रावरील त्यांचे विस्तृत भाष्य विद्वानांसाठी होते. इतर लेखन मात्र घराघरात पोहोचले. प्राणिहत्या टाळण्याविषयीच्या निबंधात त्यांनी सात प्रसंग नेमके दाखवून दिले : वाढदिवस, मुलाचा जन्म, पितरांचे श्राद्ध, विवाह, पाहुणचार, नवस-प्रार्थना आणि उपजीविका. हे सारे घरातले प्रसंग आहेत. आपल्या लेकराच्या जन्माचा आनंद दुसऱ्याच्या लेकराची मान कापून का साजरा करायचा, हा प्रश्न ज्या स्वयंपाकघरात पोहोचायला हवा होता, तेथे तो पोहोचला. हांगझोऊमध्ये त्यांनी दोन तळी उभारली, ज्यांत बाजारातून सोडवून आणलेले मासे, कासवे सोडली जात. हाच निबंध वाचून वानली सम्राटाच्या आईने, राजमाता त्सिशंग हिने, त्यांच्याकडे जांभळे चीवर आणि दान पाठवून धम्मोपदेश मागितला.

१६०४ मधील त्यांची ‘आत्मज्ञानाची नोंदवही’ ही आणखी एक गाजलेली कृती. मूळ कल्पना ताओपंथीयांची होती. तरुणपणी ती त्यांच्या हाती आली आणि पुढे त्यांनी तिला बौद्ध रूप दिले. माणसाने रोज रात्री दिवसभराची सत्कर्मे आणि दुष्कर्मे ठरवून दिलेल्या गुणांनी मांडायची आणि स्वतःच स्वतःचा हिशेब तपासायचा. आईवडिलांची सेवा, दीनांवर दया, त्रिरत्नांची सेवा आणि संकीर्ण अशा चार विभागांत ही कर्मे वाटलेली होती. पुण्याचा असा वाण्यासारखा जमाखर्च मांडणे कुणाला हास्यास्पद वाटेल. मलाही प्रथम वाटले. पण यात पुरोहित नाही, दक्षिणा नाही, मुहूर्त नाही. न्यायाधीश आणि आरोपी एकच, हे ध्यानात घेतले म्हणजे हसू ओसरते.

नामजपाविषयीची त्यांची भूमिका तर विशेष लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. थोडी बुद्धी असलेले लोक नामजपाला अडाणी बायाबापड्यांचा उद्योग म्हणून हिणवत. झूहोंग यांनी या तुच्छतेला विरोध केला, पण तो करताना बायाबापड्यांची भलामणही केली नाही. ओठांनी नाव घ्यायचे आणि मन हजार कोस दूर भटकू द्यायचे, याला त्यांनी बुद्धाचे वाचन म्हटले, स्मरण नव्हे. जपासाठी चिनी भाषेत जे अक्षर आहे, त्याच्या खालच्या अर्ध्या भागात हृदय हे अक्षर बसलेले असते. आपल्या सती किंवा स्मृती या शब्दासाठी चिनी भाषांतरकारांनी हेच अक्षर निवडले होते. म्हणजे पाली परंपरेतील बुद्धानुस्सती आणि त्या शेजारणीचा जप या मुळात एकाच झाडाच्या फांद्या होत. आपल्या वसतिगृहात पहाटेच्या वंदनेला ओळीत बसलेल्या मुलांचे ओठ त्रिसरण म्हणत असतात आणि मन न्याहारीच्या रांगेत उभे असते, हे आपण सर्व माजी विद्यार्थी जाणतो. झूहोंग यांनी त्यांनाही वाचकच म्हटले असते.

ध्यानमार्गी भिक्खू आणि नामजप करणारी गृहिणी यांच्यातील भिंतही त्यांनी पाडली. नाव घेता घेता, हे नाव घेणारा कोण आहे, असा प्रश्न स्वतःला विचारावा. मग जपच ध्यान होतो, असे ते शिकवत. मठातल्या साधकाला त्यांनी तोच मार्ग दिला जो सतराव्या वर्षी भिंतीपलीकडून त्यांच्या कानी पडला होता.

परंतु चरित्रलेखकाने आरती ओवाळू नये. १५८४ मध्ये त्यांनी सुखावतीत जन्म मिळवलेल्यांच्या चरित्रांचा संग्रह केला. त्याची प्रकरणे या क्रमाने आहेत : भिक्खू, राजे आणि मंत्री, गृहस्थ विद्वान, भिक्खुणी, स्त्रिया, दुर्जन, पशू. स्त्रियांना स्वतंत्र प्रकरण मिळाले आणि त्यांच्या साधनेची नोंद झाली, हे त्या काळात थोडे नव्हे. पण ती ओळ पुन्हा वाचावी. स्त्रियांच्या लगेच खाली दुर्जन आणि त्यांच्याखाली जनावरे आहेत. करुणेचे दार सर्वांना उघडे ठेवणाऱ्या या माणसानेही दारापुढची रांग मात्र समाजाने आखून दिलेलीच ठेवली. मोठ्या सुखावती सूत्रातही स्त्रीला पुढल्या जन्मी स्त्रीदेह राहणार नाही, असे आश्वासन आहे; अनेक वृद्धा याच आशेने माळ ओढत आल्या. स्त्रीदेहाचे दुःख हे त्या देहाचे नसून समाजरचनेचे आहे, हे सांगणारे कुणी त्यांना भेटले नाही.

तांगने शब्द पाळला. पतीमागोमाग तिनेही प्रव्रज्या घेतली, झूजिन हे नाव धारण केले आणि हांगझोऊमध्ये श्यावयी नावाच्या भिक्खुणी-विहाराची ती प्रमुख झाली. या विहाराचे नियम अत्यंत कडक होते. बाहेर फार जायचे नाही, गृहस्थांच्या घरी येणेजाणे ठेवायचे नाही. भिक्खुणींवर शिंतोडे उडवायला टपलेल्या समाजात तिला दुसरा मार्गही नसावा. गरीब घरातून आलेली ती मुलगी अखेर स्वतःच्या संघाची आचार्या झाली. १६१४ मध्ये, पतीच्या एक वर्ष आधी, तिचे निधन झाले. मागून येते म्हणणारी बाई पुढे निघून गेली.

अखेरच्या काळात झूहोंग यांना एका परदेशी टीकेला तोंड द्यावे लागले. इटलीहून आलेले ख्रिस्ती धर्मोपदेशक मातेओ रिची यांनी आपल्या चिनी ग्रंथात पुनर्जन्म आणि अहिंसा यांची टर उडवली होती. रिची १६१० मध्ये वारले. तरी १६१५ मध्ये झूहोंग यांनी संयत भाषेत उत्तर लिहिले. त्याच वर्षी उन्हाळ्यात ते नगरात गेले, शिष्यांना आणि स्नेह्यांना भेटले आणि आपण दुसरीकडे जात असल्याचे सांगून परतले. लोकांना अर्थ कळला नाही. सातव्या चांद्रमासाच्या चौथ्या दिवशी, पश्चिमेकडे तोंड करून नाव घेत असताना त्यांचा श्वास थांबला. चिनी गणनेप्रमाणे वय एक्क्याऐंशी. प्रामाणिकपणे नाव घेत राहा, एवढाच त्यांचा अखेरचा उपदेश होता.

पुढे परंपरेने त्यांना सुखावती पंथाचे आठवे आचार्य मानले. युनछीचा विहार आज विहार म्हणून उरलेला नाही. तेथे जाणारी बांबूच्या बनातली वाट पर्यटकांत प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकात चीनमध्ये १९६६ पासून सांस्कृतिक क्रांतीची दहा वर्षे आली. विहारांना कुलुपे लागली, मूर्ती फुटल्या, भिक्खूंना चीवर उतरवून शेतात-कारखान्यांत पाठवले गेले. मनातल्या मनात घेतलेल्या नावाला मात्र कुलूप लावता येत नाही. १९७८ नंतर दारे पुन्हा उघडू लागली, तेव्हा आत येऊन गुडघे टेकणाऱ्यांत वृद्ध स्त्रियांचाच भरणा होता.

समुद्रापलीकडेही हेच. दक्षिण चीनच्या शुन्द जिल्ह्यातील रेशीम कारखाने १९३० च्या सुमारास मंदीत बुडाले, तेव्हा आजन्म अविवाहित राहण्याचे व्रत घेतलेल्या अनेक कामगार स्त्रिया सिंगापूर-मलायात घरकामाला गेल्या. पांढरा सदरा, काळी विजार, पाठीवर वेणी असा त्यांचा वेश. म्हातारपणी त्यांना सांभाळायला मुलेबाळे नव्हती. त्यांनी साठवलेल्या पैशांतून शाकाहारी आश्रमांत जागा घेतल्या. तेथे त्या एकत्र राहत, ग्वानयिनपुढे पठण करीत आणि एकमेकींचे अंत्यसंस्कार करीत. ज्यांना अंधश्रद्धेचा शिक्का मारण्याची घाई असते, त्यांनी या आश्रमांचा हिशेब जरूर पाहावा : निराधार वृद्ध मोलकरणींनी स्वतःसाठी उभारलेला तो वृद्धाश्रम, पतपेढी आणि संघ, तिन्ही होता. तैवानमध्ये भिक्खुणी चंग येन यांनी १९६६ साली तीस गृहिणींना रोज बाजाराला जाण्यापूर्वी बांबूच्या नळीत अर्धा तैवानी डॉलर टाकायला सांगितले; वीस वर्षांनी त्यांच्या संस्थेचे रुग्णालय ह्वालियन येथे सुरू झाले.

झेजियांगच्या खेड्यांत आजही म्हाताऱ्या बायका लांब बाकांवर समोरासमोर बसून पठण करतात. त्यांच्या पुढ्यात पिवळट कागद असतात. या कागदांवर बुद्धाची किंवा स्तूपाची आकृती छापलेली असते आणि ती शेकडो बारीक रिकाम्या वर्तुळांनी बनलेली असते. ठरावीक संख्येचा जप झाला की एका वर्तुळात लाल ठिपका द्यायचा. सगळी वर्तुळे भरायला वर्षे लागतात. पुरा झालेला कागद घडी करून पेटीत जपून ठेवतात आणि बाईच्या मृत्यूनंतर तो तिच्यासाठी जाळला जातो, पुढल्या प्रवासाचा परवाना म्हणून. त्या परवान्याचा उपयोग किती, यावर आपले मत वेगळे असू शकते, माझेही आहे. कागदाच्या कडेला एक मोकळी जागा छापलेली असते. तेथे जप करणारीचे नाव लिहितात.